बाटवणारा पाव आणि पोलिसाचा दंडुका

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या जिंतुरात बेकरीसमोर पत्र्याचे डबे रांगेने मांडलेले दिसतात. तयार बिस्किटे विकत घ्यायला आलेल्यांचे हे डबे नव्हेत. घरचा मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप नाहीतर डालडा घेऊन जायचे, कारागिराकडून मळून, साच्यातून काढून, भट्टीत भाजून आणायचे आणि किलोवर पैसे द्यायचे, ही मराठवाड्यातल्या लहान गावांची जुनी पद्धत. डब्याच्या झाकणावर खडूने किंवा मार्करने नंबर टाकतात. आपले तूप आपल्याच बिस्किटांत पडले ना, हे पाहायला घरातले एक माणूस भट्टीजवळ बसवायचे. आमच्या घरातून हे काम माझ्याकडे असे, आणि मला ते फार आवडे.

घरी आणलेला डबा मात्र माजघरात यायचा नाही. आजी होती तोवर तो ओसरीवरच्या फडताळात राहिला. लाडू, करंज्या, अनारसे आत, नानखटाई बाहेर. मैदा आमचा, तूप आमचे, नजर माझी. पण भट्टी दुसऱ्याची, आणि ती मुसलमानाची. आजीला त्या माणसाविषयी राग नव्हता. भट्टीवाले चाचा तिला ‘माँजी’ म्हणत आणि ती त्यांच्या मुलांची विचारपूस करी. मला टायफॉइड झाला तेव्हा डॉक्टरांनी दूध-पाव सांगितला, तोही तिने स्वतः कुस्करून भरवला. नंतर अंघोळ केली. या सगळ्यात तिला काही विसंगत वाटत नसे. मलाही वाटत नव्हते, हे इथे नोंदवायला हवे.

मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. पावाचा इतिहास मात्र शिकलो तो निवृत्तीनंतर, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे सहा महिने तिकडे होतो. घरात बाळ, बाळंतीण आणि डिंकाचे लाडू यांत मला करण्यासारखे काही नव्हते, म्हणून सकाळी फिरायला पाठवत. एल्महर्स्टमधल्या त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर अर्जेंटिनाच्या लोकांची एक बेकरी होती. पुढे काचेची कपाटे, मागे भट्टी, मधे चार-पाच टेबले. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फुटबॉलचा सदरा. दार उघडले की भाजलेल्या मैद्याचा आणि लोण्याचा वास येई, आणि डोळे मिटले तर आपण जिंतुरातच आहोत असे वाटे.

पहिल्या दिवशी मी विचारलेला पहिला प्रश्न चवीचा नव्हता, चरबीचा होता. कपाटात ‘मेदियालुना’ नावाच्या अर्धचंद्राकृती पावांच्या दोन राशी होत्या. मेदियालुना म्हणजे अर्धा चंद्र. एक रास फुगीर, वरून पाकाने चकाकणारी. दुसरी सडपातळ, कमी गोड. गल्ल्यावरच्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत सांगितले, की पहिली ‘मांतेका’ची, म्हणजे लोण्याची, दुसरी ‘ग्रासा’ची, म्हणजे जनावराच्या चरबीची. मी लोण्याची घेतली. चिमटा एकच, दोन्ही राशींत फिरणारा, हे माझ्या डोळ्यांनी लगेच टिपले. आजी जाऊन चाळीस वर्षे झाली होती, पण माझे डोळे तिचेच होते.

त्यांच्या मिठाईतला जीव म्हणजे ‘दुल्से दे लेचे’. दूध, साखर आणि चिमूटभर खायचा सोडा. मंद आचेवर तासन्‌तास ढवळत तपकिरी होईतो आटवायचे. बासुंदीच्या पुढे गेलेले आणि खव्याच्या आधी थांबलेले असे काहीतरी. दोन भुसभुशीत बिस्किटांत ते भरले की झाला ‘आल्फाहोर’. हे नाव अरबी. मुसलमानांनी स्पेनवर शतकानुशतके राज्य केले, त्या काळातला हा शब्द समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत गेला. आपल्या ‘नानखटाई’तला ‘नान’ही असाच, फारसीतून आलेला. खाद्यपदार्थांच्या नावांना सोवळे पाळता येत नाही.

मला बांधून ठेवले ते त्या बेकरीतल्या इतर नावांनी. एका लांबट, सरळ पावाचे नाव ‘बिहिलांते’, म्हणजे पहारेकरी पोलीस. आकार त्याच्या दंडुक्याचा. आत मलई भरलेल्या नळीला ‘कान्योन्सितो’, छोटी तोफ. गोल फुगलेल्याला ‘बोंबा’, बॉम्ब. एकाला ‘साक्रामेन्तो’, म्हणजे चर्चमधला पवित्र संस्कार. तळलेल्या, साखरेत घोळलेल्या गोळ्याला ‘बोला दे फ्राइले’, संन्याशाचा गोळा. यातला चावट अर्थ बाईंनी हसून सांगितला, मी इथे लिहीत नाही. आणि ‘सुस्पिरो दे मोंहा’, जोगिणीचा उसासा. न्याहारीला पोलीस, सैन्य आणि धर्मपीठ असे तिघेही एकाच ताटात! या सगळ्या गोड पावांना मिळून म्हणतात ‘फाक्तुरा’, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ बिल, हिशेबाची पावती.

यामागची हकीकत अशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्वेनोस आयरेसमध्ये इटलीहून मजुरांचे लोंढे येत होते, आणि त्यांच्याबरोबर सरकारांनी पळवून लावलेले क्रांतिकारकही. एर्रिको मालातेस्ता हा नामांकित अराज्यवादी १८८५ मध्ये तिथे पोचला आणि १८८९ पर्यंत राहिला. त्याचाच देशबांधव एत्तोरे मात्तेई. या दोघांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये भट्टी-कामगारांची संघटना उभी राहिली. तिचे नियम मालातेस्ताने लिहून दिले. १८८८ च्या आरंभी संप झाला. संघटनेच्या स्थापनेचा ४ ऑगस्ट हा दिवस अर्जेंटिनात आजही ‘पाववाल्यांचा दिवस’ म्हणून पाळतात.

परंपरा सांगते, की ही नावे त्याच कामगारांनी ठेवली. सत्तेला उघड शिवी देता येत नाही, तर तिला गिऱ्हाइकाच्या तोंडी द्यावी. आणि ‘फाक्तुरा’ हा शब्द मालकाला आठवण करून द्यायला, की या गोडव्यामागे कुणाच्या तरी श्रमाचे बिल थकले आहे. मी शिक्षक असल्यामुळे मला इतकी नीटस गोष्ट लगेच पचत नाही. जोगिणीचा उसासा हा प्रकार स्पेनमध्ये मठांच्या स्वयंपाकघरात जुनाच आहे. कामगारांनी तो शोधला नाही. पण जुन्या नावाला नवी धार चढवता येते. संपानंतरच्या शहरात तेच नाव उच्चारणाऱ्याला त्यात वेगळे ऐकू येत असेल, तर हकीकत निम्मी तरी खरी.

संघटना पाववाल्यांचीच आधी का उभी राहावी, हे मात्र मला कोणत्याही पुस्तकाशिवाय कळले. पाव सकाळी ताजा लागतो, म्हणून करणारा रात्रभर जागतो. जिंतुरच्या भट्टीतले कारागीर रात्री दोनला उठत, उघड्या अंगाने पीठ मळत, आणि दुपारी भट्टीमागच्या बोळात पोत्यावर झोपत. एप्रिल-मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना भट्टीच्या तोंडाशी काय होत असेल, ते मी डबा घेऊन पाच मिनिटे उभा राहिलो तेवढ्यावर सांगू शकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२५ मध्ये बेकऱ्यांतल्या रात्रीच्या कामाविरुद्ध खास करारच केला होता. जगभर एकाच धंद्याची रात्र कराराचा विषय व्हावी इतकी ती वाईट होती.

इथवर आल्यावर माझ्या मनात सारखी मुंबई येऊ लागली. ब्वेनोस आयरेसच्या संपाच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी आपल्याकडेही पावाने बंड केले होते, आणि मी ते दरवर्षी दहावीच्या वर्गात दोन ओळींत उरकत आलो होतो.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर, म्हणजे मराठी व्याकरणाचे दादोबा, तिच्या प्रमुखांपैकी. राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. जातिभेद मोडणे हा हेतू, आणि सभा गुप्त. नव्या सभासदाने भाषण ठोकून किंवा सही करून भागत नसे. त्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. एक तुकडा. घास पोटात गेला की माणूस बाटला, म्हणजेच सभासद झाला. ज्या गोष्टीने जात जाते तीच गोष्ट दारावरची परीक्षा. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याची धास्ती पसरली आणि मंडळी विस्कटली. त्यातली काही माणसे पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजात दिसतात.

पावाच्या तुकड्यात एवढी ताकद कुठून आली? पोर्तुगिजांकडून आलेली ही वस्तू. ‘पाव’ हा शब्दच त्यांचा. गोव्यात पीठ फुगवायला माडाची सूर वापरत, म्हणजे दारूचा संबंध. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती खोटी असली तरी तिच्यामागची किळस खरी आहे. त्यातच गोवा-वसईकडच्या त्या विहिरींच्या कथा: पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत पाणी प्यायले आणि अख्खे गाव बाटले. अशा कथांत बाटवणारा पाव असतो, पण परत न घेणारे शेजारी असतात, हे सांगणारा त्यांना सहसा विसरतो.

पुण्यातले पंचहौद प्रकरण याच धाग्यातले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे दिली गेली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून उघड केली, त्यांत रानडे होते, टिळकही होते. ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका पेल्यासाठी आणि बिस्किटासाठी. परमहंस मंडळीत पाव लपून खाल्ला आणि यादीने घात केला. पंचहौदात उघड बसले आणि पुन्हा यादीनेच घात केला. अर्जेंटिनातल्या कामगारांनी सत्तेची नावे पावाला दिली. आपल्याकडे पाव खाणाऱ्यांची नावे सत्तेला दिली गेली.

त्या बेकरीत रोज तीन म्हातारे बसत. त्यांच्याकडे एक भोपळ्याचे छोटे पात्र आणि धातूची नळी. आत ‘माते’ नावाची कडू पाल्याची पूड, वरून गरम पाणी. एकजण भरतो, दुसरा त्याच नळीने पितो, परत भरतो, तिसरा त्याच नळीने पितो. मराठीत याला एकच शब्द आहे: उष्टे. माझा चेहरा रोजचा झाल्यावर एके सकाळी भरणाऱ्याने पात्र माझ्यापुढे धरले. मी लेकीने शिकवलेला एकमेव स्पॅनिश शब्द वापरला, “ग्रासियास”. त्याने मान हलवली, पात्र मागे घेतले आणि पुढच्या माणसाला दिले. मला वाटले, त्याला माझी अडचण कळली. नंतर कळले, की मातेच्या बैठकीत ‘धन्यवाद’ म्हणजे ‘मला पुरे’. मी एक घोटही न घेता मंडळातून उठलो होतो.

हे मी एवढे लिहितो आहे त्याला कारण आहे. अमेरिकेला जाण्याच्या आदल्या दिवाळीत आमच्या एका व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश आला होता: दिवाळीची बिस्किटे कुणाच्या भट्टीत भाजावीत आणि कुणाच्या भाजू नयेत. खाली नावे होती. गटात माझे पंधरा-वीस जुने विद्यार्थी आहेत. परमहंस मंडळीवरचे टिपण मीच त्यांना उतरवून दिले होते. तीन-चार अंगठे उमटले. मी काही लिहिले नाही. बायकोला म्हणालो, या वर्षी बिस्किटांचा घाट नको, गुडघे दुखतात तुझे. तिने माझ्याकडे पाहिले आणि ती चकलीची भाजणी काढायला गेली. त्या यादीत चाचांच्या दुकानाचे नाव होते.

क्वीन्समधून निघण्याच्या आदल्या दिवशी मी बेकरीत गेलो तेव्हा तीनपैकी दोघेच होते. पात्र पुढे आले. मी काही न बोलता घेतले. पाणी जास्त गरम होते, चव कडुनिंबाच्या काढ्याच्या जवळची, आणि नळीला आधीच्या माणसाच्या ओठांची ऊब. पुन्हा भरून दिले, पुन्हा प्यायलो. बाईंनी निघताना कागदी पिशवीत चार पोलिसांचे दंडुके बांधून दिले.

गेल्या दिवाळीत मैदा, रवा, साखर, तूप मोजून घेतले. तुपाच्या डब्याला बायकोने फडके बांधले. बेकरीत आता चाचांचा नातू बसतो. चाचा पलंगावर असतात, ऐकू कमी येते. मी त्याला अर्जेंटिनाच्या तोफा आणि बॉम्ब यांची गोष्ट सांगितली. त्याला गंमत वाटली. म्हणाला, “सर, असली नावं आपण ठेवली तर आपल्यालाच आत टाकतील.” मग मार्कर काढून झाकणावर सतरा लिहिले आणि विचारले, “बसणार की जाऊन येणार?”

पूर्वी नजर ठेवायला बसवत असत, ते मला आठवले. मी म्हटले, येतो जाऊन. त्याने सहा वाजता यायला सांगितले. सहाला गेलो तर अजून दोन पत्रे भट्टीत होते, म्हणून मग तिथेच बाकावर बसलो. आत जाऊन चाचांना भेटलो. त्यांनी आजीची चौकशी केली. ती जाऊन चाळीस वर्षे झाली, हे मी मोठ्याने दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले नाही. बरी आहे म्हणालो.