दूरदृष्टितेची नेत्रपरीक्षा

बिबवेवाडीतील एखाद्या शाळेत मुलाने सहा मीटरांवरून तक्त्यातील ६/६ ची ओळ वाचून दाखविली, म्हणजे त्याचे डोळे निर्दोष ठरले, असे सामान्यतः मानले जाते. दूरदृष्टितेच्या बाबतीत हे अनुमान फसवे होय. या दोषात बहुधा डोळ्याचा अक्ष आखूड असतो व प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडू पाहते. अक्ष १ मिलिमीटरने आखूड असल्यास सुमारे ३ डायॉप्टरचा दोष उद्भवतो. परंतु बालकाचे नेत्रभिंग लवचिक असल्याने समायोजनाच्या बळावर ही उणीव भरून निघते. दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. चाळिशीहून हा दोष भिन्न आहे, हे डच शास्त्रज्ञ डाँडर्स यांच्या १८६४ च्या ग्रंथाने स्पष्ट केले.

म्हणून परीक्षा दोन टप्प्यांनी करणे इष्ट ठरते. प्रथम डोळ्यापुढे +२ डायॉप्टरचे बहिर्गोल भिंग धरावे. निर्दोष डोळ्यास त्यातून दूरची अक्षरे अंधुक दिसतात. ती तरीही स्पष्ट वाचता आली, तर दूरदृष्टितेचा संशय घ्यावा. त्यानंतर नेत्रतज्ज्ञ सायक्लोपेंटोलेट किंवा ॲट्रोपीन या औषधाने समायोजन शिथिल करून रेटिनोस्कोपने बाहुलीतील प्रकाशाची हालचाल पाहतात. येथे मुलाच्या उत्तराची गरज नसल्याने अक्षरओळख नसलेल्या बालकाचीही परीक्षा होऊ शकते.

अर्भकावस्थेत अल्प दूरदृष्टिता स्वाभाविकच असते व वाढीबरोबर ती बहुधा ओसरते. मात्र तीव्र दोष उपेक्षिला गेल्यास तिरळेपणा व मंददृष्टी संभवते. आणि मंददृष्टीवरील उपचार वय वाढेल तसे दुष्कर होत जातात. शालेय तपासणीत तक्त्याच्या जोडीला एक भिंग असावे, ते याचसाठी.