एक लॅपटॉप, दोन चुली

जव्हार-मोखाड्याच्या पावसात लाइट कधी जाईल, नेम नाही. म्हणून लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स टाकण्याआधी बॅटरी पूर्ण भरा आणि फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. लिनक्सला जागा करायला विंडोजचा डिस्कवरचा भाग (पार्टिशन) लहान होत असताना मशीन बंद पडलं, तर डेटा हातचा जाऊ शकतो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धडधाकट जुनं मशीन भंगारात घालण्यापेक्षा विंडोजशेजारी लिनक्स टाकणं मला कितीतरी बरं वाटतं. डिस्कवर दोघांच्या खोल्या वेगळ्या. मशीन सुरू होताना ‘ग्रब’ नावाचा निवड-मेनू विचारतो, कुठे जायचं? एका वेळी एकच चूल पेटते, त्यामुळे सगळी रॅम तिलाच मिळते.

गंमत घड्याळाची. मदरबोर्डवर नाण्याएवढ्या सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. लिनक्स त्यात सहसा जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक धरतं. संध्याकाळी ६ ला लिनक्स बंद करून विंडोज उघडा, दुपारचे साडेबारा दिसतील! बरोबर साडेपाच तासांचा फरक. नेट असेल तर वेळ पुन्हा जुळते. रेंज नसलेल्या पाड्यावर ती तशीच चुकीची राहते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की झालं.