युक्तिवादाआधीची हकीकत

प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्तृत्वशास्त्रात न्यायालयातल्या भाषणाचा क्रम ठरलेला असे. आधी प्रस्तावना, मग प्रकरणाची हकीकत, त्यानंतर वादाचा नेमका मुद्दा, पुरावे, प्रतिपक्षाचे खंडन आणि शेवटी समारोप. यांतल्या हकीकतीला ग्रीक लोक ‘दिएगेसिस’ आणि रोमन लोक ‘नाराशिओ’ म्हणत. वरवर पाहता हा सगळ्यांत निरुपद्रवी भाग. काय घडले, कुठे, कोणाच्या हातून, एवढे सांगायचे आणि युक्तिवादाला लागायचे. प्रत्यक्षात मात्र कसलेले वक्ते आपला निम्मा युक्तिवाद इथेच उरकून घेत आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू देत नसत.

या शास्त्राचा उगम परंपरेने सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात मानला जातो. इ.स.पू. पाचव्या शतकात तिथली हुकूमशाही कोसळली, बळकावलेल्या जमिनींवरून दावे सुरू झाले आणि कोरॅक्स व टिसिअस यांनी भाषण रचण्याचे नियम शिकवायला घेतले, अशी ही कथा. अथेन्समध्ये या नियमांना खरे मैदान मिळाले. तिथे पक्षकाराला स्वतःच बोलावे लागे. फार तर पैसे देऊन कोणाकडून तरी भाषण लिहून घेता येई. पाणघड्याळ वेळ मोजत असे. साध्या दाव्यात २०१ किंवा ४०१ आणि मोठ्या खटल्यात ५०१ किंवा त्याहूनही अधिक नागरिक ज्यूरी म्हणून बसत. त्यांना कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नसे आणि आपसांत चर्चाही न करता ते थेट मत टाकत. प्रकरण काय आहे हे त्यांना कळे ते भाषणातूनच. त्यामुळे हकीकत सांगणाऱ्याच्या हाती मोठेच बळ येई.

लिसिअस हा भाषणे लिहून देणारा या कामात अव्वल होता. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला त्याने युफिलेटस नावाच्या माणसासाठी बचावाचे भाषण लिहिले. युफिलेटसने बायकोचा प्रियकर एराटोस्थेनिस याला घरातच पकडून ठार मारले होते. अशा वेळी केलेली हत्या कायद्याने माफ होती. पण मृताच्या नातेवाइकांचे म्हणणे असे की, त्याला मुद्दाम सापळा रचून घरी आणले होते. लिसिअसने या आरोपाला उत्तर द्यायच्या आधी एक घर उभे केले. दुमजली, लहानसे; बायका वर, पुरुष खाली. मूल झाल्यावर रात्री-अपरात्री जिना उतरताना आई पडू नये म्हणून नवऱ्याने स्वतःचे बिऱ्हाड वर हलवले आणि तिला खालचा मजला दिला. एका रात्री दारे करकरली. सकाळी विचारले तर बायको म्हणाली, बाळाजवळचा दिवा विझला होता, तो शेजाऱ्यांकडून पेटवून आणला. तिचा भाऊ वारून महिनाही झाला नव्हता, तरी चेहऱ्याला रंग लावलेला दिसला. नवरा मात्र काही न बोलता बाहेर निघून गेला.

असा भोळा गडी कट काय रचणार, हे वाक्य भाषणकाराला उच्चारावेच लागत नाही. हत्येच्या रात्रीचा तपशील तर त्याहून धूर्त आहे. युफिलेटसने त्या संध्याकाळी शेतावरून परतणाऱ्या मित्राला घरी जेवायला नेले आणि जेवण झाल्यावर जाऊ दिले. नंतर दासीने प्रियकर आल्याची खबर दिली तेव्हा तो माणसे गोळा करत दारोदार फिरला. कोणी घरी सापडले, कोणी गावातच नव्हते. मशाली जवळच्या दुकानातून घ्याव्या लागल्या. पुढे पुराव्याच्या भागात लिसिअस विचारतो की, आधीच बेत असता तर मित्राला जाऊ दिले असते का? तोवर उत्तर ऐकणाऱ्याच्या मनात तयार असते.

हकीकत थोडक्यात, स्पष्ट आणि पटण्याजोगी हवी, असे तीन गुण पाठ्यपुस्तकांनी ठरवून टाकले. यांतल्या थोडक्यातपणाची ॲरिस्टॉटलने थट्टा केली आहे. कणीक घट्ट मळू की सैल, असे विचारणाऱ्या भटारखानेवाल्याला एकाने प्रतिप्रश्न केला की, बेताची मळता येत नाही का, हा किस्सा तो सांगतो. विषय समजेल आणि बोलणाऱ्याचा स्वभाव उमगेल इतके सांगावे, हे त्याचे माप. सल्लामसलतीच्या राजकीय भाषणात हकीकतीला फारसे काम नसते, हेही तो नोंदवतो; जे अजून घडलेच नाही ते कोण कथन करणार?

रोमन शिक्षक क्विंटिलियन याने इ.स. ९५च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात या विषयाचा सर्वांत बारीक विचार केला. पुढे द्यायच्या पुराव्यांचे बी हकीकतीतच पेरून ठेवावे, हा त्याचा मुख्य सल्ला. न्यायाधीशाला प्रकरण आधीच ठाऊक असेल तर हकीकत गाळावी किंवा आटोपती घ्यावी, हेही तो सांगतो. खोटी हकीकत सांगायची वेळ आली तर काय, यालाही तो बगल देत नाही: ती स्वतःशी विसंगत नसावी, एखाद्या खऱ्या गोष्टीला जोडलेली असावी आणि सांगणाऱ्याने आपण काय सांगितले ते विसरू नये. नीतीच्या गप्पा मारणाऱ्या ग्रंथात हे वाचताना थोडे दचकायला होते.

क्विंटिलियनचा आवडता नमुना रोमन वक्ता सिसेरो याने मिलो या पुढाऱ्याच्या बचावासाठी रचलेल्या भाषणातला. इ.स.पू. ५२च्या १८ जानेवारीला आप्पिया रस्त्यावर, बोव्हिले गावाजवळ, मिलोच्या माणसांनी त्याचा राजकीय वैरी क्लोडिअस याला मारले. हत्या निर्विवाद होती. वाद होता कोणी कोणावर घाला घातला याचा. शिवाय, हत्या कबूल करणाऱ्याला जगण्याचा हक्कच नाही, ही हवा शहरभर होती. तिच्यापुढे कोणतीच हकीकत टिकली नसती. म्हणून सिसेरोने नेहमीचा क्रम मोडून आधी असे पूर्वग्रह खोडले आणि मगच कथनाला हात घातला. कथन अगदी घरगुती आहे. मिलो त्या दिवशी सिनेट संपेपर्यंत तिथे थांबला, घरी आला, कपडे आणि पायताण बदलले, मग बायकोची तयारी होईपर्यंत ताटकळला. निघाला तो गाडीतून, अंगावर जाड झगा, सोबत बायको आणि दासदासींचा लवाजमा. समोरून क्लोडिअस आला तो घोड्यावर, सडा, बायकोशिवाय. कोण लढायच्या तयारीने निघाला होता, हे या तपशिलांतूनच दिसते. ताटकळण्याचा तो क्षुल्लक तपशीलच क्विंटिलियनला सर्वांत मोलाचा वाटला.

आस्कोनिअस या टीकाकाराने पुढच्या शतकात याच घटनेची दुसरी हकीकत नोंदवली. तिच्यानुसार भांडण उकरले मिलोच्या ताफ्यात मागे चालणाऱ्या ग्लॅडिएटरांनी. एकाच्या भाल्याने क्लोडिअसचा खांदा फुटला, त्याला जवळच्या खाणावळीत नेले आणि मिलोच्या हुकमावरून तिथून ओढून काढून ठार केले. सिसेरोच्या कथनात खाणावळ येतच नाही, आणि नोकरांनी जे केले ते मालकाच्या हुकमाविना, त्याच्या नकळत केले. खटल्याच्या दिवशी न्यायसभेभोवती सैनिक उभे होते, सिसेरो नीट बोलू शकला नाही आणि १३ विरुद्ध ३८ मतांनी मिलो दोषी ठरून आजच्या मार्से शहरात हद्दपार झाला. वक्तृत्वाच्या शाळांमध्ये शिकवले गेले ते भाषण सिसेरोने नंतर सावकाश लिहून काढलेले आहे.