बाहेरचा रंग दिवाळीनंतर : थळच्या भिंतींची तयारी

गणपती गेले की अलिबागच्या पट्ट्यात रंगाच्या दुकानांत गर्दी सुरू होते. दिवाळीच्या आत घर चकाचक हवं, आणि घराला होमस्टे असेल तर सुट्टीचे पाहुणे यायच्या आत हवं. आजचा भाग थळसारख्या गावातल्या घरांसाठी आहे, जिथे समोर खांदेरी-उंदेरी दिसतात आणि वारा थेट समुद्रावरून भिंतीवर येतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो : दिवाळीला आतून रंग द्या, बाहेरून दिवाळीनंतर.

का? पाऊस ऑक्टोबरात जातो, पण चार महिने पाणी प्यायलेली भिंत त्याच आठवड्यात सुकत नाही. वरून कोरडी दिसते, आत ओल असते. त्यावर रंगाचा पापुद्रा बसला की ओल बाहेर यायला बघते आणि रंगालाच ढकलते. मग फुगे, मग पोपडे. परांची, मजुरी, रंगाचे डबे, सगळा खर्च पुढच्या वर्षी परत.

ओल बघायची सोपी युक्ती आहे. प्लास्टिकचा फूटभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंब दिसले तर थांबा. हे जमिनीलगत करा, आणि संडास-बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवरही करा. तिथे ओल पावसाची नसून गळक्या पाइपची असू शकते. मग आधी प्लंबर, नंतर रंगारी.

आता खरा शत्रू : मीठ. हवेत साधारण ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. दुपारी हवा कोरडी झाली की त्याचे परत खडे होतात. रंगाखाली हे रोज चालू राहिलं, तर ते खडे प्लास्टरचा वरचा थर आतून उचलतात. म्हणजे मिठावर कितीही महागडा रंग दिला तरी तो मिठालाच चिकटतो, भिंतीला नाही.

यात एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, पाऊस झोडपतो ती भिंत सगळ्यात खराब. ओलीच्या बाबतीत खरं आहे. पण मीठ जास्त सापडतं ते पाऊस पोचत नाही तिथे : वळचणीखाली, गॅलरीच्या छताला, खिडकीच्या छज्जाखाली. उघडी भिंत पाऊसच धुऊन काढतो, या जागा कोणीच धूत नाही. रंगारीही तिथे नुसता हात फिरवून पुढे जातो. तुम्ही उभं राहून धुऊन घ्या, आणि गोड्या पाण्याने. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी मचूळ असेल तर तुम्ही मीठ धूत नाही, लावताय.

भिंतीतून पांढरी भुकटी फुटली असेल तिथे क्रम उलटा. आधी कोरड्या ब्रशने झाडून खाली पाडा, मग धुवा. नाहीतर ती विरघळून परत भिंतीतच जाते. ब्रश नायलॉनचा घ्या. लोखंडी तारेचे तुकडे भिंतीत अडकले की खाऱ्या हवेत गंजून तांबडे डाग देतात.

शेवाळ आणि बुरशी नुसती खरवडू नका. ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी लावा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. त्यात अ‍ॅसिड अजिबात मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

जुना सुटा रंग पट्टीने काढा. मग तळहात फिरवा. पीठ लागलं तर अजून घासायला हवं. डागडुजीचं नवीन प्लास्टर किमान २८ दिवस राहू द्या. भेगेत पिंपळाचं रोप असेल तर नुसतं छाटू नका, मुळासकट काढून मगच भेग भरा.

जुन्या खिडक्या आणि ग्रिलचा ऑइलपेंट जपून. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या थरांत ते बरंच असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवू नका. पाणी मारून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, खरवड गोळा करून उचला.

चिऱ्याचं जुनं घर असेल, चुन्याच्या दर्जात बांधलेलं, तर वॉटरप्रूफ रंगाच्या मोहात पडायची घाई नको. अशी भिंत ओल आत घेते तशी बाहेर सोडते. तिला चुनाच बरा. दर दोन-तीन वर्षांनी हात मारावा लागेल, पण पोपडे धरणार नाहीत.

आणि शेवटचं, थंडीतल्या दवाबद्दल. धुतलेली भिंत दोन-चार दिवस कडक उन्हात सुकली तरी पहाटे ती परत ओलसर असते. त्यामुळे प्रायमरचा डबा ऊन चढल्यावर उघडा, आणि संध्याकाळी दव पडायच्या बरंच आधी काम थांबवा.