ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र : संस्कार कोठवर करावेत?

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही कारखान्यांची वसाहत आहे. तेथील दिव्यांच्या झगमगाटात तारेदेखील मोजकेच दिसावयाचे. अशा ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबास ध्रुवीय प्रकाश पाहावयाचा, तर छायाचित्रावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच, वाचकहो, त्या छायाचित्राने सत्य सांगावे ही अपेक्षा रास्तच होय.

१० मे २०२४ रोजी पृथ्वीवर भूचुंबकीय वादळ आले. २००३ नंतरचे ते सर्वांत तीव्र होते. त्या रात्री लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील वेधशाळेतील कॅमेऱ्यांनी आकाशातील तांबडी आभा टिपली. ही वेधशाळा चालविणारी भारतीय खगोलभौतिकी संस्था बंगळूरचीच आहे.

ती आभा तांबडीच का? सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहामुळे वातावरणातील प्राणवायूचे अणू उद्दीपित होतात व प्रकाश देतात. शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर तो हिरवा असतो, तर दोनशे किलोमीटरच्या वर तांबडा. लडाखइतक्या दक्षिणेकडून पाहताना हिरवा पायथा सहसा क्षितिजाखाली दडतो. दिसतो तो तांबडा माथा. याचा अर्थ असा की, येथे रंग हा उंचीचा पुरावा आहे. शोभेसाठी तांबड्याचा हिरवा केला, तर तो पुरावाच नष्ट होतो.

मग छायाचित्रावर हातच फिरवू नये काय? तसे नाही. अंधारात मानवी डोळ्यास तांबडा रंग नीट जाणवत नाही; कॅमेरा मात्र अनेक सेकंद प्रकाश साठवितो. त्यामुळे डोळ्यांना पुसट भासलेली आभा चित्रात उजळ उतरते. हा खोटेपणा नव्हे.

छायाचित्र शक्यतो ‘रॉ’ स्वरूपात घ्यावे, मूळ प्रत जपून ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीवर काम करावे. प्रथम रंगांचा समतोल साधावा, मग अंधारातील रंगीत ठिपके कमी करावेत आणि शेवटी उजेड व छाया यांतील अंतर बेताने वाढवावे. या कामी ताऱ्यांकडे लक्ष असू द्यावे. सगळेच तारे एका रंगात न्हालेले दिसू लागले, की हात थांबवावा.

चित्राखाली स्थळ, वेळ आणि कॅमेरा किती सेकंद उघडा होता, हे अवश्य लिहावे. ज्याने ते आकाश पाहिले नाही, त्याला एवढा तपशील मिळालाच पाहिजे.