मोटारीची निगा : जुनें फडकें आणि नवीं साधनें

घरांत मोटार असणें ही आतां अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं; परंतु ती घरच्या माणसांनीं स्वतः धुणें ही मात्र दिवसेंदिवस अपूर्वाईची गोष्ट होत चालली आहे. पहांटे कोणी तरी गडी येतो, एकाच बादलींत बुडविलेल्या एकाच फडक्यानें दहा मोटारी पुसतो आणि महिनाअखेर आपले पैसे घेऊन जातो. मालकास आपल्या गाडीच्या रंगाची खरी अवस्था कळते ती बहुधा गाडी विकावयास काढल्यावर! ज्या कुटुंबांत हें काम अद्याप घरींच होतें, तेथें जुनी पद्धत चांगली कीं नवी, हा वाद आज ना उद्यां उपस्थित होतोच. आमच्या घरीं तो झाला, आणि त्याची किंमतहि आम्हांस द्यावी लागली. तो अनुभव वाचकांच्या उपयोगीं पडावा एवढ्याच हेतूनें येथें सांगत आहें.

आमच्याकडे एक निळी प्रीमिअर पद्मिनी आहे. घरांत तिला सर्वजण ‘फियाट’ म्हणूनच ओळखतात. माझ्या वडिलांनीं ती १९७९ सालीं घेतली. त्या काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यावांचून मोटार मिळत नसे. म्हणून ती दारांत आली त्या दिवशीं आईनें तिला ओवाळलें होतें. वडील गेल्यापासून तिची निगा काका राखतात. त्यांचें वय आज ऐंशीच्या पुढें आहे. रोज सकाळीं पूजा आटोपली कीं एक कोरडें फडकें घेऊन ते गाडी पुसून काढतात. रविवारीं एक बादली पाणी, चिमूटभर कपड्यांचा साबण, जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि शेवटीं चार थेंब रॉकेल लावलेला बोळा. पूर्वी शौकीन लोक मोटार कोरडी करण्यास शॅमी नांवाचें मऊ चामडें वापरीत. पण काकूंनीं तें घरांत येऊं दिलें नाहीं, आणि धोतराचेंच राज्य कायम राहिलें.

माझा मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुटींत त्यानें काकांस स्पष्टच सांगितलें, “आजोबा, तुम्ही रोज कोरड्या फडक्यानें पुसतां, तेंच रंगाच्या मुळावर येतें आहे.”

काका म्हणाले, “अरे, चाळीस वर्षें पुसतों आहें. गाडी काय झिजून गेली?”

दुसऱ्या दिवशीं काका एका लग्नास गेले असतां चिरंजीवांनीं मित्राकडून विजेवर चालणारें झिलईचें यंत्र आणलें आणि बॉनेटवर चालविलें. मधला भाग आरशासारखा झाला. परंतु कडेपाशीं यंत्र क्षणभर अधिक टेकलें आणि निळ्या रंगाखालचें तांबूस अस्तर दिसूं लागलें. काका परत आले. त्यांनीं तो रुपयाएवढा डाग पाहिला, त्यावरून एकदां बोट फिरविलें आणि एक अक्षर न बोलतां ते घरांत गेले. पुढचे तीन दिवस त्यांनीं फडकें हातीं धरलें नाहीं. मुलास कोणी रागें भरलें असतें तर तें त्याला अधिक सोपें गेलें असतें.

शेवटीं एका जुन्या, अनुभवी रंगाऱ्यास बोलाविलें. त्यानें जें समजावून दिलें, त्यांत ह्या विषयाचें सारें मर्म आहे.

मोटारीचा रंग म्हणजे कांहीं दगडावरचा लेप नव्हे. मोटारयुगाच्या आरंभीं घोडागाडीप्रमाणेंच मोटारीसहि रंग आणि व्हार्निशचे थर हातानें देत, आणि ते वाळण्यास कित्येक आठवडे लागत. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच मिळत. १९२३–२४ च्या सुमारास अमेरिकेंत नायट्रोसेल्युलोजचा लवकर वाळणारा रंग निघाला आणि रंगीत मोटारी स्वस्त झाल्या. पुढें १९८० नंतरच्या काळांत रंगाच्या वर स्वच्छ, पारदर्शक लाखेचा निराळा थर देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. आजच्या गाडीवर अस्तर, रंग आणि ही लाख मिळून सर्व जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते; पैकी लाखेचा वांटा ४०–५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केंसाहूनहि कमी! जुन्या गाडीवर हा पारदर्शक थर नसतोच. तिच्यावर झिलईचें मिश्रण घासलें कीं फडक्यास गाडीचाच रंग लागतो. झिलई म्हणजे मूलतः बारीक कणांनीं पृष्ठभाग घांसून सपाट करणें. प्रत्येक झिलईबरोबर थोडा रंग कायमचा जातो, आणि कडांवर तो मुळांतच पातळ असतो. मुलाची चूक ती हीच : नव्या गाडीचें औषध त्यानें जुन्या गाडीस दिलें.

परंतु रंगाऱ्यानें काकांसहि सोडलें नाहीं. त्यानें दरवाजावर विजेरीचा झोत टाकला, तों कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें असंख्य गोल ओरखडे चमकूं लागले. रस्त्यावरच्या धुळींत गारेचे कण असतात आणि ते रंगापेक्षां कितीतरी कठीण असतात. कोरड्या फडक्यानें ते रंगावर घासले म्हणजे रोज सकाळीं आपण अत्यंत प्रेमानें गाडीस कानशीच लावीत असतों. कपड्यांच्या साबणांतील क्षार मेणाचा थर धुऊन नेतो; रॉकेलानें येणारी चकाकी ही तेलाची असते, ती तासाभरांत धूळ ओढून घेते आणि दारांच्या रबरासहि बाधते. काका ऐकत होते. “म्हणजे दोघेहि गुन्हेगार,” ते म्हणाले, आणि तीन दिवसांनीं प्रथमच हंसले.

तेव्हांपासून आमच्या घरीं जी पद्धत ठरली आहे, ती जुन्यानव्याची निवड करून ठरली आहे.

पहिली गोष्ट वेळेची. काका गाडी नेहमीं सकाळीं, सावलींत धूत. हा त्यांचा नियम नव्या शास्त्रासहि पूर्ण मान्य आहे. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच सुकतें आणि जड पाण्यांतील चुन्याचे पांढरे डाग उमटतात. असा ताजा डाग सौम्य व्हिनिगर पाण्यांत मिसळून पुसल्यास निघतो. नंतर तो भाग साध्या पाण्यानें धुवावा. पक्ष्यांची विष्ठा मात्र रविवारची वाट न पाहतां त्याच दिवशीं, ओल्या कापडानें भिजवून उचलून घ्यावी. तींतील आम्ल उन्हांत रंग खातें.

दुसरी गोष्ट बादलीची. एका बादलीऐवजीं दोन घ्याव्या : एकींत मोटारीसाठीं मिळणारा सौम्य शांपू, दुसरींत साधें पाणी. प्रथम पाणी ओतून धूळ भिजवून वाहूं द्यावी. मग वरून खालीं, टपापासून आरंभ करून, सरळ रेषेंत हात चालवावा. प्रत्येक वेळीं फडकें साध्या पाण्यांत खळबळून मगच शांपूंत बुडवावें. चाकांचें फडकें निराळें असावें. तें गाडीच्या अंगास कधीं लावूं नये.

तिसरी गोष्ट फडक्याची. येथें धोतराचा मान नव्यास द्यावा लागतो. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड ह्यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचें मायक्रोफायबर कापड धूळ आपल्या लवेंत ओढून घेतें, रंगावर फिरवीत नाहीं. मात्र तें सुती कपड्यांबरोबर धुऊं नये आणि जमिनीवर पडलें तर न धुतां पुन्हां वापरूं नये. उघड्या दांड्याची शिवण वा टीप असलेलें कापड, मग तें कितीहि मऊ असो, टाळावें.

चौथी गोष्ट मेणाची. ब्राझीलमधील कार्नौबा नांवाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून निघणारें मेण ८० अंश सेल्सिअसच्याहि पुढें वितळतें, म्हणून आपल्या उन्हांतहि तें उपयोगीं पडतें. तें रंग झिजवीत नाहीं, नुसतें त्यावर बसतें. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां लावावें लागतें, इतकेंच. नव्या गाड्यांवर जो सिरॅमिक लेप देतात, तो सिलिकायुक्त असून वर्ष–दोन वर्षें किंवा अधिक टिकतो. पाणी व घाण त्यावर ठरत नाहीं. पण त्यानें गाडीस दगडाचा टवका जात नाहीं, ही समजूत खोटी आहे. शिवाय त्याखालीं ओरखडे असतील तर ते तसेच राहतात. आमच्या फियाटीस आम्हीं मेणच लावतों.

एक धोक्याची सूचना. चाकें उजळण्याच्या कांहीं तीव्र द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतें. तें कातडींतून खोल शिरून हाडांपर्यंत इजा करतें, आणि आरंभीं वेदना जाणवतेच असें नाहीं. मुलाबाळांच्या घरांत अशी बाटली आणूंच नये. चाकांस शांपूचें पाणी आणि ब्रश पुरेसा आहे.

शेवटची गोष्ट पाण्याची. नळाची उघडी नळी वीस मिनिटें चालली तर शेंकडों लिटर पाणी वाहून जातें. दोन बादल्यांत तेंच काम तीस–चाळीस लिटरांत होतें. २०२४ च्या मार्च महिन्यांत बंगळूर येथें टंचाई पडली, तेव्हां पिण्याच्या पाण्यानें मोटारी धुण्यास बंदी करून ५००० रुपये दंड ठरवावा लागला. काकांची बादली त्या दृष्टीनें अगदीं आधुनिक होती! त्यांनीं पाण्याची नळी गाडीस कधींच लाविली नाहीं. कारण लहानपणीं त्यांनीं विहिरीवरून पाणी ओढलें होतें.

बॉनेटवरचा तो डाग अद्याप तसाच आहे. रंगारी म्हणाला, सबंध बॉनेट नव्यानें रंगविलें तर डाग जाईल. मुलगा पैसे साठवून तें करवून घेण्यास तयार होता. काकांनीं नको म्हटलें. “हा रंग दादानें पसंत केलेला. जेवढा उरला आहे तेवढा असूं दे,” एवढेंच ते म्हणाले. डागावर गंज चढूं नये म्हणून त्या दोघांनीं मिळून बारीक कुंचल्यानें निळ्या रंगाचा एक ठिपका दिला आहे. जवळून पाहिल्यास तो कळतो. आतां रविवारीं सकाळीं काका खुर्ची टाकून सावलींत बसतात, पहिली बादली कोणती नि दुसरी कोणती हें मुलास सांगतात, आणि मेणाचा हात मात्र स्वतःच फिरवितात.