मार्गदर्शित श्वसनसत्र आणि ताणनिवारण : महाविद्यालयीन अध्यापकांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत अध्यापकांच्या उद्बोधन वर्गांत, शिक्षकदिनाच्या कार्यक्रमांत आणि २१ जूनच्या योगदिनाच्या निमित्ताने ‘ब्रीदवर्क’ या नावाने ओळखली जाणारी श्वसनसत्रे आयोजित होऊ लागली आहेत. एक प्रशिक्षक आवाजाने सूचना देतो आणि उपस्थित जन वीस-पंचवीस मिनिटे त्या तालावर श्वास घेतात व सोडतात, एवढेच त्याचे बाह्य रूप. प्राध्यापकवर्गात त्यावर बहुधा दोन प्रतिक्रिया उमटतात. हा तर आपलाच प्राणायाम, नाव तेवढे नवे, असे काहींना वाटते. काहींना ते निव्वळ खूळ वाटते. या दोन्ही प्रतिक्रियांमुळे मूळ प्रश्न मागे पडतो. अशा सत्रात शरीरात नेमके काय घडते, त्यातून ताण खरोखर कमी होतो काय आणि किती, हा तो प्रश्न होय. त्याचा ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरा आणि प्रयोगशाळा

नागपूरकरांना श्वसनाभ्यास अपरिचित नाही. रामनगरातील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसन-प्राणायामाचे शिक्षण शहराच्या वस्त्यावस्त्यांपर्यंत विनामूल्य पोहोचविले. निवृत्त कारकुनापासून शाळकरी मुलापर्यंत अनेकांची अनुलोम-विलोमशी पहिली ओळख अशाच वर्गांत झाली. त्यामुळे शुल्क आकारून होणाऱ्या नव्या सत्रांकडे येथील जुनी पिढी किंचित स्मित करून पाहते, यात नवल नाही.

तथापि श्वास आणि ताण यांच्या संबंधाला प्रयोगाची जोड देण्याचे श्रेय महाराष्ट्रात प्रथम द्यावे लागेल ते स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांना. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून यौगिक क्रियांची मोजमापे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यांचा एक विचार आजही मननीय आहे. प्राणायामाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो व म्हणून तो हितकर, ही लोकप्रिय उपपत्ती त्यांनी मान्य केली नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या प्रमाणात नसून मज्जासंस्थेवरील परिणामात शोधले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

प्राणवायूचा गैरसमज

ही भूमिका साध्या गणितानेही पटण्याजोगी आहे. प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला सुमारे १२ ते २० श्वास घेते आणि एका श्वासात अंदाजे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहते; वायूंच्या देवाणघेवाणीला ती उपयोगी पडत नाही. मिनिटाला १५ श्वास धरले तर वायुकोशांपर्यंत ५.२५ लिटर हवा पोहोचते. आता श्वास संथ करून मिनिटाला ६ केले आणि प्रत्येक श्वास १,००० मिलिलिटरचा झाला, तर ८५० गुणिले ६ म्हणजे ५.१ लिटर हवा पोहोचेल. म्हणजे पुरवठा जवळजवळ तेवढाच. शिवाय निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायूची संपृक्तता मुळातच ९५ टक्क्यांच्या वर असते. तीत भर घालण्यास फारसा वाव नसतो. ‘पेशीपेशीत प्राणवायू भरा’ असे सत्रात सांगितले जाते तेव्हा ते कल्पनेला साहाय्यक म्हणून स्वीकारावे, शरीरशास्त्र म्हणून नव्हे.

मग परिणाम कशाचा? श्वसन ही एक विलक्षण क्रिया आहे. ती झोपेतही आपोआप चालते आणि इच्छेनेही बदलता येते. हृदयाची गती किंवा पचन यांच्यावर आपली अशी थेट सत्ता नसते. मात्र श्वास आणि हृदय परस्परांशी बांधलेले आहेत. श्वास घेताना नाडीचा वेग किंचित वाढतो, सोडताना तो कमी होतो. वाचकाने मनगटावर बोटे ठेवून सावकाश श्वसन केल्यास कदाचित हे जाणवेल. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला मंद करणाऱ्या वेगस या मज्जातंतूचा प्रभाव अधिक असतो. परानुकंपी चेतासंस्थेचा हा प्रमुख तंतू होय. म्हणून उच्छ्वास प्रश्वासापेक्षा दीर्घ ठेवणे, उदाहरणार्थ चार सेकंद घेणे व सहा सेकंद सोडणे, हे बहुतेक शांतिदायक पद्धतींचे सूत्र आहे. पतंजलींनी चित्तप्रसादनाचे उपाय सांगताना श्वास बाहेर सोडण्याचा निर्देश केला, हे येथे सहज आठवते. परंतु एवढ्यावरून आधुनिक शरीरशास्त्र त्यांना ठाऊक होते असा निष्कर्ष काढू नये.

मिनिटाला सुमारे सहा श्वास या गतीलाही एक कारण आहे. रक्तदाब नियंत्रित करणाऱ्या प्रतिक्षेपाचे आवर्तन साधारण दहा सेकंदांचे असते आणि श्वासाचे आवर्तन त्याच्याशी जुळले की हृदयगतीतील चढउतार ठळक होतात. इटलीतील बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले की, लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि तिबेटी परंपरेतील मंत्र या दोहोंच्या उच्चारणात श्वासाची गती आपोआप सहाच्या आसपास येते. आपल्याकडील हरिपाठाची किंवा विष्णुसहस्रनामाची सामूहिक आवर्तने या दृष्टीने मोजून पाहण्याजोगी आहेत. एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र व संगीत विभागांनी मिळून हा प्रकल्प जरूर हाती घ्यावा.

मेंदूच्या पातळीवरही दुवा आढळला आहे. श्वासाचा ताल निर्माण करणारा चेतापेशींचा एक लहान समूह मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, असतो. त्यातील काही पेशी जागृती व उत्तेजना नियंत्रित करणाऱ्या केंद्राशी जोडलेल्या असल्याचे उंदरांवरील प्रयोगांत २०१७ मध्ये दिसून आले. त्या पेशी नाहीशा केल्यावर उंदीर असाधारण शांत झाले. माणसाविषयीचे अनुमान यावरून सावधपणेच काढावे लागेल.

सत्राचे स्वरूप आणि पुरावा

सामान्यतः सत्र तीन टप्प्यांत चालते. आरंभी उपस्थितांना खुर्चीवर अथवा सतरंजीवर पाठ सरळ ठेवून बसवतात आणि श्वास न बदलता केवळ त्याचे निरीक्षण करावयास सांगतात. येथेच अनेकांच्या लक्षात येते की आपला श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला आहे, खांदे उचललेले आहेत. नंतर मोजणीच्या साहाय्याने संथ श्वसन, कधी भ्रामरी, कधी दुहेरी श्वास घेऊन दीर्घ उसासा टाकणे. आणि शेवटी काही मिनिटांची स्तब्धता. प्रशिक्षकाच्या आवाजाचा उपयोग दुय्यम मानू नये. दिवसभर स्वतःच सूचना देणाऱ्या अध्यापकाला वीस मिनिटे केवळ सूचना पाळावयाची असतात, हा सुद्धा एक विसावाच असतो.

२०२३ मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी रोज पाच मिनिटांच्या तीन श्वसनपद्धतींची तुलना सजगता-ध्यानाशी केली. महिन्याअखेर चिंता सर्वच गटांत कमी झाली. मनःस्थितीतील सुधारणा मात्र दीर्घ उसाशाच्या पद्धतीत अधिक आढळली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, १२ यादृच्छिक चाचण्या व ७८५ व्यक्ती यांच्या एकत्रित विश्लेषणात ताणावरील परिणाम लहान ते मध्यम स्वरूपाचा ठरला आणि अभ्यासांतील त्रुटी पाहता सावधगिरीचा इशाराही संशोधकांनी दिला. पुरावा एवढाच आहे. तो नगण्य नाही. पण जाहिरातींतील भाषेला तो आधार देत नाही.

वेगवान श्वसनाची गोष्ट निराळी. काही आधुनिक सत्रांत बराच वेळ जोरजोराने श्वास घ्यावयास लावतात. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, ओठ व बोटे बधिर होतात, क्वचित हात आखडतात. या लक्षणांना ‘दडलेल्या भावना बाहेर पडत आहेत’ असे संबोधणे दिशाभूल करणारे आहे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार, भयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी असे श्वसन व दीर्घ कुंभक टाळावेत. हठयोगाच्या ग्रंथांनीही प्राणाला सिंह-हत्तींप्रमाणे हळूहळूच वश करावे असे बजावले आहे.

महाविद्यालयांपुढील प्रश्न

विदर्भातील महाविद्यालयांच्या दृष्टीने यात एक अवघड मुद्दा आहे. अध्यापकाचा ताण कोठून येतो? रिक्त पदांमुळे वाढलेला कार्यभार, मूल्यांकनाच्या अहवालांची कागदपत्रे, नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात होणारी उत्तरपत्रिका तपासणी, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाची तर पुढच्या सत्रात काम मिळेल की नाही ही धास्ती. श्वासाने यांपैकी काहीही बदलत नाही. बदलते ती त्यांना सामोरे जाणाऱ्या शरीराची त्या घटकेची अवस्था. तेव्हा श्वसनसत्र आयोजित केले म्हणून अध्यापककल्याणाच्या रकान्यात खूण करणाऱ्या संस्थेने रिक्त पदांचा रकानाही त्याच पानावर दाखवावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सत्र घ्यावयाचेच तर त्याची व्यवस्था साधी असावी. जेवणानंतर लगेच नको; दोन तासिकांच्या मधली वीस मिनिटे, पंखा असलेली शांत खोली, भ्रमणध्वनी बंद, आणि वेगवान श्वसन वर्ज्य. आठवड्यातून तीन वेळा, निदान चार आठवडे. मुख्य म्हणजे उपस्थिती ऐच्छिक असावी आणि प्राचार्यांनी दाराशी उभे राहू नये. हजेरीचा कागद फिरू लागला की मागच्या रांगेतील तासिका तत्त्वावरील अध्यापक डोळे मिटत नाही; आपले नाव लिहिले गेले की नाही, हे तो पाहत राहतो.